वैराळ्यांचा जामीन

"वैराळे? असला कोण माणूस न्हाई आमच्याकडं," पहारेकरी म्हणाला. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, स्कूटरकडे पाहिले, आणि सोलापूरच्या सवयीने जिभेवर आलेला सलगीचा 'बे' वयाकडे पाहून गिळला. "दुसऱ्या कारखान्यात जायचं हुतं का तुमाला, साहेब?"

"नंदकुमार वैराळे. बॉयलरवर असतात. गेल्या काही महिन्यांतच लागलेत."

"बॉयलरवर सिद्राम हाय. त्यो जुना हाय. नवीन कोणच न्हाई. आज तेवढे मोठे साहेब आलेत, शिरसीकर साहेब. तपासणी झाली न्हवं का, आज पयल्यांदा बॉयलर पेटवायलेत."

शिरसीकर साहेब स्वतः आले आहेत हे ऐकताच माझा जीव भांड्यात पडला. ज्या धास्तीने मी सकाळचा चहा अर्धा टाकून अक्कलकोट रस्त्याने इथवर आलो होतो, ती क्षणात विरली. साहेब हजर असताना कोणी नवखा वैराळे काय घोटाळा करणार? मी स्कूटर कडेला लावली. कारखाना टॉवेल रंगवण्याचा. अंगणात रंगीत पाण्याचे ओघळ वाळलेले. बॉयलर हाउसच्या मागच्या खड्ड्यातून पांढरी वाफ वर येत होती. बॉयलरच्या तळाचा गाळ काढायला खालचा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडतात, तेव्हा ते पाणी त्या खड्ड्यात जाते. आताच उघडून बंद केला असेल, असे मनाशी म्हणून मी आत वळलो.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी हा वैराळे मला कुठे भेटला, हे सांगणे क्रमाने योग्य होईल.

मुकुंद शिरसीकर तंत्रनिकेतनात माझ्या तीन वर्षे पुढे होते. पदविका घेऊन ते साखर कारखान्यात गेले, मी सूतगिरणीत. पण आम्हा बॉयलरवाल्यांच्या जगात शेवटचा शब्द त्यांचा. परवान्याच्या तोंडी परीक्षेला ते परीक्षक म्हणून बसत आणि प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न एकच विचारीत, "काचेत पाणी दिसलं नाही, तर काय कराल?"

बॉयलरच्या अंगावर एक उभी काच असते. आत पाणी किती आहे ते तीत दिसते. पाणी दिसेनासे झाले, म्हणजे आतला पत्रा उघडा पडून तापत असण्याचा संभव. उमेदवार घाईने "पाणी सोडीन" म्हणाला, की साहेब त्याचा कागद बाजूला ठेवीत. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडले, तर क्षणात उठणाऱ्या वाफेला बॉयलरमध्ये काय, कारखान्यातही जागा पुरत नाही. पाणी सोडायचे नाही, आधी जाळ मारायचा, म्हणजे भट्टी विझवायची, हे उत्तर. एखादा घाबरट पोरगा मात्र चाचरत म्हणे, "मी कुणाला तरी विचारीन, साहेब." तेव्हा शिरसीकर हसत. "शाबास. जो विचारतो त्याच्या हातून सहसा बॉयलर फुटत नाही. बस आता, पुढचं बोलू."

निवृत्तीनंतर साहेब लहान कारखान्यांना बॉयलरचा सल्ला देत. त्याच काळात आम्ही दोघांनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. नाव बाष्पमंडळ. मालकी कोणाची नाही, पण चालकत्व, म्हणजे अ‍ॅडमिनपण, माझ्याकडे, कारण टापटिपीचे काम मला जमते. तेव्हा गटात दोनशे छप्पन्नच माणसे मावत. एक गेला तरच दुसरा आत, आणि बाहेर तर रांग लागलेली. त्यामुळे सोपे प्रश्न विचारणाऱ्या नवख्यांवर जुनी मंडळी डाफरत. त्यावर साहेबांनी एक रिवाज घालून दिला. नव्या माणसाला आत घ्यायचे, तर जुन्या सभासदाने त्याला जामीन राहायचे. त्याच्या सोप्या प्रश्नाला उत्तर जामिनानेच द्यायचे. बाकीच्यांनी गप्प बसायचे आणि हसायचे नाही. विचारणाऱ्यानेही शिस्तीने विचारायचे: आधी बॉयलर कोणता, मग दाब किती, मग दिसते काय, आणि शेवटी प्रश्न. मात्र तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, तर जामिनाची संमती घेऊन त्या माणसाला निरोप. रांगेतला पुढचा आत.

नंदकुमार वैराळे आले ते खुद्द शिरसीकरांच्या जामिनावर. साहेबांचा मला फोन आला होता.

"भालू, एक माणूस घ्यायचाय. बोल्ली शेठच्या रंगाईत आहे. नवखा आहे."

"तुमचा माणूस म्हणजे विचारायचं काय साहेब, घेतलाच."

"ऐक. जामीन म्हणून नाव माझं लाव, पण उत्तरं तू दे."

"मी? तुमच्यासमोर मी काय उत्तरं देणार?"

"तुझी उत्तरं सोपी असतात रे. माझी पुस्तकी होतात." मग ते म्हणाले, "आणि त्याला रागावू नकोस. वयानं मोठा आहे. लाजतो."

वैराळ्यांचा पहिला प्रश्न आला तेव्हाच मला नवल वाटले. मांडणी अशी चोख, की जणू तपासणीचा अहवालच. बॉयलर थ्री-पास जातीचा, लाकडावर चालणारा. दाब सात किलो. काचेत पाणी खालीवर हलते आहे. आणि या भारदस्त प्रस्तावनेच्या शेवटी प्रश्न काय, तर हलते पाणी चांगले की वाईट? गावातल्या कुठल्याही फायरमनला हे ठाऊक असते. पाणी हलते आहे म्हणजे काच तुंबलेली नाही, असे मी सविस्तर लिहिले. "आभारी आहे. समजले," असे उत्तर आले. दुसऱ्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा आला, शब्दही तेच.

नगरकडच्या एका डिस्टिलरीत ढेपे नावाचा इंजिनिअर होता, जिभेचा तिखट. त्याने लगेच टाकले, "वैराळे, मागच्या आठवड्यातलं पाणी अजून हलतंय का?"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग उमटली. मी ढेप्यांना रिवाजाची आठवण दिली.

"नायगावकर साहेब, रिवाज मान्य," ढेप्यांनी लिहिले, "पण बाहेर आमचे हुशार पोरं ताटकळलेत आणि आत हे गृहस्थ बालवाडीत बसलेत. तिसऱ्यांदा विचारलं तर मी जामिनाकडं बोट दाखवणार. मग ते शिरसीकर साहेब का असेनात."

तिसऱ्यांदाही तो प्रश्न आला. ढेप्यांनी शब्द पाळला आणि बोट दाखवले. अशा वेळी साहेब एका शब्दात निकाल देत. आजवर कोणाची भीड त्यांनी धरली नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांचा संदेश आला तो असा: "वैराळे यांस कृपा करून काढू नये. त्यांना दुसरीकडे विचारायची सोय नाही."

'कृपा करून' हे शब्द साहेबांच्या लेखणीतून उतरलेले मी प्रथमच पाहिले. मी फोन लावला.

"साहेब, हा तुमचा वैराळे बॉयलरला हात तर लावत नाही ना?"

"हाताखाली माणसं आहेत त्याच्या."

"पण हुकूम तो देतो?"

"भालू, तू उत्तरं देत राहा," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी उत्तरे देत राहिलो. चालकत्वाचे काम म्हणून गटातली साहेबांची जुनी उत्तरे मी विषयवार लावून ठेवली होती. त्यांतली कैक वैराळ्यांना जशीच्या तशी पाठवली. एकदा त्यांनी उलट लिहिले, "हे कोणी लिहिले आहे? फार अवघड आहे. आपण सोपे करून सांगाल का?" मला हसू आले. साहेबांची उत्तरे पुस्तकी होतात, हे साहेबांच्याच माणसाने सिद्ध केले होते.

मग आदल्या संध्याकाळचा प्रश्न. "उद्या वार्षिक तपासणीनंतर प्रथम वाफ करायची आहे. जाळ करण्यापूर्वी काय काय पाहावे, क्रमाने लिहावे." म्हणजे या माणसाच्या हाती बॉयलर पेटवण्याचे काम होते! मी क्रमवार लिहून पाठवले. उत्तर आले, "समजले." पण मला धीर धरवेना. पेटवण्यापूर्वी काय पाहायचे हे ज्याला आदल्या संध्याकाळी विचारावे लागते, तो पेटवल्यावर काय करील? साहेबांना फोन लावला, उचलला नाही. सकाळी पुन्हा लावला, तरी उचलला नाही. शेवटी मी स्कूटर काढली.

आणि आता बॉयलर हाउसच्या दारात उभा होतो.

आत लाकडाच्या धुराचा आणि तापल्या रंगाचा वास. भट्टी चांगली पेटलेली. पंपाच्या पेटीजवळ एक आडवा बांध्याचा माणूस उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचे बोट पंपाच्या बटणावर टेकलेले होते आणि तो वर, बॉयलरच्या माचीकडे पाहत होता.

"सिद्राम का?"

"व्हय," तो नजर न काढता म्हणाला.

"वैराळे कुठे आहेत?"

"कोण वैराळे? हितं मी आन् मोठे साहेब. दुसरं कोण न्हाई."

"साहेब कुठे?"

"वर हायत की. पंप चालू करू का म्हणून इचारलो, तर थांब म्हणाले. इचारून सांगतो म्हणाले."

"विचारून? कोणाला विचारून?"

"मला काय ठावं? शेठला इचारायले असतील. फोनवर लिवायलेत कवापासून."

मी वर पाहिले. माचीच्या कठड्याला टेकून शिरसीकर उभे होते. नेहमीची खाकी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांचा मोठा फोन शर्टाच्या खिशातून डोकावत होता. हातात दुसराच होता, लहान, जुना. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते काहीतरी लिहीत होते. लिहून झाले. त्यांनी बोट उचलले.

माझ्या खिशात फोन थरथरला.

उत्तर देणाऱ्याने प्रश्न लगेच पाहायचा, ही माझी सवय. मी फोन काढला. वैराळ्यांचा संदेश होता.

"बॉयलर थ्री-पास, लाकडावर. दाब सहा किलो. काचेत पाणी दिसत नाही. पंप चालू करू का?"

पहिल्या वाचनाला मी तो इतर प्रश्नांसारखाच वाचला. कुठल्या तरी बॉयलरच्या काचेत पाणी नाही. मग माझी नजर समोरच्या काचेवर गेली. ती वरपासून खालपर्यंत कोरडी होती. मग सिद्रामचे बोट दिसले. मग वर पाहिले. साहेब त्या लहान पडद्याकडे टक लावून उत्तराची वाट पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी त्यांच्याच टेबलासमोर बसलेल्या पोरांच्या चेहऱ्यांवर पाहिले होते.

मी ओरडलो.

"सिद्राम, हात काढ! बटणावरचा हात काढ!"

सिद्राम चटका बसल्यासारखा मागे सरला.

"पंखा बंद कर. लाकूड टाकू नकोस. ओली राख आहे ना? ती टाक जाळावर. सगळी टाक."

"पर पाणी..."

"पाणी नाही सोडायचं! थेंबही नाही!"

त्याने काच पाहिली आणि आपले बोट कुठे होते ते त्याच्या लक्षात आले. पंखा थांबला. राखेची फावडी भट्टीत पडू लागली. मला तो मागच्या खड्ड्यातला वाफेचा ढग आठवला. मी बॉयलरच्या खालच्या बाजूला धावलो. गाळ काढायचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. सगळे पाणी तिथून निघून चालले होते. तिथलाच एक टॉवेल हाताला गुंडाळून मी तो बंद केला.

"हा उघडा कोणी ठेवला?"

"साहेबांनीच उगडला मगाशी," सिद्राम फावडे मारता मारता म्हणाला. "मी सांगेपर्यंत हात लावू नको म्हणाले. मग सांगितलेच न्हाईत."

"आणि पाणी कमी झाल्याचा भोंगा? तो का नाही वाजला?"

"चाचणीला बंद ठेवतोत की. लई बोंबलतंय म्हणून."

एवढा गोंधळ खाली चालू असताना वर साहेब त्या फोनकडेच पाहत होते. जाळ पडला, पंख्याचा आवाज बंद झाला, तेव्हा कुठे त्यांनी खाली वाकून पाहिले.

"भालू? तू इथे कसा?" त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं आलास. जरा थांब हं. विचारलंय मी. उत्तर येतंय आता."

मी शिडी चढून माचीवर गेलो. शिडीचे गज हाताला पोळत होते, पण ते मला नंतर समजले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"उत्तर आलंय, साहेब. पाणी सोडायचं नाही."

"अर्थातच सोडायचं नाही!" साहेब परीक्षकाच्या आवाजात कडाडले. "आधी जाळ मारायचा. हा काय विचारायचा प्रश्न झाला? कोणी विचारला?"

त्यांची नजर माझ्यावरून हळूहळू आपल्या हाताकडे गेली, हातातल्या फोनकडे. त्यांनी स्वतःचेच वाक्य वाचले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा वाचले.

"मी सिद्रामला सांगितलं का रे चालू कर म्हणून?"

"नाही. तुम्ही थांब म्हणालात."

"नक्की?"

"त्यालाच विचारा."

"सिद्राम!" त्यांनी कठड्यावरून हाक दिली. "मी तुला काय सांगितलं?"

"थांब म्हणालात की, साहेब."

शिरसीकर खाली बसले. तापल्या जाळीवर, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. मीही बसलो. खाली बॉयलर थंड होताना कुरकुरत होता.

"कधीपासून, साहेब?"

"काय माहीत. जुनं सगळं येतं. एखाद्या नळीची जाडी विचार, सांगतो. पण हातात घेतलेलं काम मधेच पुसलं जातं. फळा पुसावा तसं. मी कुठल्या पायरीवर आहे तेच कळत नाही." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "शिरसीकरनं विचारलं असतं, तर चाललं असतं का गटात? अडीचशे माणसांनी दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या उत्तरांवर फुल्या मारल्या असत्या."

"आणि वैराळे?"

"नंदू वैराळे. वसतिगृहात माझ्या खोलीत होता. तू यायच्या आधीच शिक्षण सोडून गेला. वर्गात सगळ्यांत ढ. पण विचारायला लाजायचा नाही. एकच गोष्ट दहादा विचारायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि पुन्हा विचारायचा. मला त्याचं फक्त नाव घेता आलं."

मला सुचले ते गटचालकाचे बोलणे होते. "बोल्ली शेठना सांगावं लागेल, साहेब. आज हे टळलं. पुन्हा तुम्ही बॉयलरवर उभं राहायचं नाही."

"ते तू मला सांगणार?" त्यांचा आवाज क्षणभर चढला आणि उतरला. "मीच सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. माझ्या तोंडानं सांगू दे."

अंगण ओलांडून आम्ही कचेरीकडे निघालो. साहेब ताठ चालत होते. वाटेत त्यांनी शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला. काचेच्या दाराआड व्यंकटेश बोल्ली बसले होते. साहेबांना पाहताच ते उठून उभे राहिले.

"या साहेब, या! झाली का वाफ? चहा सांगतो. का हो, आज जोडीनं?"

शिरसीकर खुर्चीत बसले. त्यांनी घसा खाकरला. बोल्ली शेठ हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत राहिले. साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली, आणि माझ्याकडे झुकून अगदी हळू विचारले,

"भालू, आपण काय सांगायला आलो होतो रे?"

मी त्यांच्याकडे पाहिले. ते थट्टा करत नव्हते.

तेव्हा मी सांगितले, पाण्यापासून पंपाच्या बटणापर्यंत सगळे, क्रमाने. बोल्ली शेठच्या चेहऱ्यावरचे हसू कधी गेले ते मला दिसले नाही, कारण मी साहेबांकडे पाहत होतो. ते मन लावून ऐकत होते. मधे एकदा मान हलवून म्हणालेसुद्धा, "भयंकर. माणसं मेली असती."

साहेबांना घरी पोहोचवायला गेलो, तर कुमुदवहिनींनी दार उघडताच आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"कळलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज सकाळी तुमची उत्तरं मोठ्यानं वाचतात. पाठांतर केल्यासारखी. मी म्हटलं, अहो, हे तर तुमचंच, तुम्हीच मला शिकवलंत. तर म्हणाले, गप्प बस, नायगावकर चिडेल." त्यांनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. "कारखान्यात जाऊ नका म्हणून किती सांगितलं. मला वाटलं, गटात तुम्ही एवढी हुशार माणसं. कुणीतरी ओळखाल."

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रोगाला नाव मिळाले. महिनाभराने साहेबांनी स्वतःच्या नावाने गटावर शेवटचे लिहिले. चांगल्या दिवशी लिहिले असावे. एकही अक्षर चुकले नव्हते. "रांगेत तरुण मंडळी उभी आहेत. मी जागा अडवणे योग्य नव्हे. सर्वांस नमस्कार." आणि ते गटातून बाहेर पडले. दिवसभर निरोपाचे संदेश येत राहिले. साहेबांनी तोंडी परीक्षेत नापास केलेल्यांनीही लिहिले. ढेप्यांनी सर्वांत लांब लिहिले. आणि मग मला वेगळा फोन केला.

"नायगावकर साहेब, एक नियमाची गोष्ट. जामीन गेला, म्हणजे त्या वैराळ्यांचं सदस्यत्वही संपलं की नाही?"

"नाही."

"का नाही?"

"त्यांचा जामीन आता मी आहे."

"अहो, पण तो माणूस तेच तेच विचारतो. असा कोण लागतो तुमचा?"

"ढेपे," मी म्हणालो, "तुम्हाला परवान्याच्या परीक्षेत पहिला प्रश्न काय विचारला होता?"

"पाणी दिसलं नाही तर काय कराल. शिरसीकर साहेबच होते. मी म्हटलं, कुणाला तरी विचारीन."

"मग?"

"मग काय, बसवून घेतलं. त्याचा इथं काय संबंध?"

मी संबंध सांगितला नाही. साहेबांनी कोणाला सांगू नकोस म्हटले नव्हते, पण सांग असेही म्हटले नव्हते. आज ते नाहीत आणि वहिनींची संमती आहे, म्हणून हे लिहितो आहे.

त्यानंतर सुमारे वर्षभर वैराळ्यांचे प्रश्न येत राहिले. मांडणी हळूहळू ढळत गेली. आधी दाब गळाला, मग बॉयलर कोणता ते गळाले. नुसता प्रश्न उरला. गटात कोणी हसले नाही. मी उत्तरे देत राहिलो.

एके दिवशी दुपारी फोन थरथरला.

"मी नवीन आहे. प्रश्न साधा आहे, रागावू नये. काचेत पाणी दिसले नाही तर काय करावे?"

मी जुन्या उत्तरांतून साहेबांचे उत्तर काढले. पाणी सोडू नये. जाळ मारावा. मग काच तपासावी. शंका असल्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. गट काढला त्याच महिन्यात त्यांनी ते लिहिले होते. मी ते जसेच्या तसे पाठवले.

बराच वेळ काही आले नाही. मग एकेक अक्षर शोधत लिहिल्यासारखा संदेश आला.

"फार नीट लिहिले आहे. लिहिणाऱ्यास माझा नमस्कार सांगा. ते अजून गटात आहेत का?"

मी लिहिले,

"आहेत."